भयपटाचा दुसरा भाग आणि घरातली मुलं

‘किंग काँग’ मार्च १९३३मध्ये झळकला आणि त्याच वर्षी डिसेंबरात ‘सन ऑफ काँग’ पडद्यावर आला. पहिल्यातला अजस्र वानर माणसं चिरडत सुटतो. दुसऱ्यातलं त्याचं पोर भोळं, खोडकर, हसवणारं. म्हणजे भयपटाचा सीक्वेल सगळ्या घराला चालेल असा करण्याची खटपट नव्वद वर्षांहून जुनी आहे. पुढे फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासाठी ‘ब्राइड’ आली (१९३५), मग ड्रॅक्युलाची ‘डॉटर’ (१९३६), पाठोपाठ फ्रँकेन्स्टाइनचा ‘सन’ (१९३९). राक्षसांचा संसारच थाटला म्हणायचा!

या संसारामागे एक अडचण होती, ती आजही तशीच आहे. पहिल्या भागात आपण घाबरतो ते समोर काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे. दुसऱ्या भागात राक्षस ओळखीचा झालेला असतो. मग भीतीच्या जागी दुसरं काहीतरी आणावं लागतं. १९४८मध्ये अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीची गाठ फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाशी घालून दिली, तिथे भीतीची जागा हशाने घेतली. १९८६च्या ‘एलियन्स’ने पहिल्या भागातल्या एका प्राण्याऐवजी त्यांची फौजच उभी केली आणि भयपटाचा युद्धपट झाला. तिसरा मार्ग सोपा: मुडदे वाढवायचे. १९८०च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा दुसरा भाग वर्षभरातच आला. चौथ्या भागाच्या नावातच ‘अंतिम’ होतं (१९८४). पाचवा १९८५मध्ये हजर. त्यामुळे सीक्वेल घरच्यांसोबत बघण्याजोगा आहे का, हे पाहताना मी आधी त्याने भीतीच्या जागी काय आणलंय ते बघतो.

पोस्टरवरचं वयाचं चिन्ह हे सांगत नाही. त्या चिन्हाचा इतिहासही जरा गमतीचा आहे. १९५७मध्ये हॉलिवूडचे जुने भयपट अमेरिकी टीव्हीवर एकगठ्ठा दाखवले जाऊ लागले आणि मुलांनी या राक्षसांना डोक्यावर घेतलं. भयपट म्हणजे पोरांची करमणूक, असंच मोठ्यांना वाटू लागलं. याच समजुतीतून १९६८मध्ये मुडदे उठून माणसं खातात अशा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’च्या मॅटिनीला लहान मुलं जाऊन बसली. अशाच एका खेळाला थिजून गेलेली, रडणारी मुलं समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी पाहिली आणि त्यावर लिहिलं. अमेरिकेतली वयानुसार वर्गवारी त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सुरू झाली, म्हणजे हा सिनेमा आल्यानंतर महिन्याभराने.

त्या वर्गवारीत ‘पीजी’ (मुलांना दाखवावं का, ते पालकांनी ठरवावं) आणि ‘आर’ (सतराखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) यांच्या मधली पायरीच नव्हती. १९८२च्या ‘पोल्टरगाइस्ट’ला आधी ‘आर’ मिळालं. अपील झालं आणि तो थेट ‘पीजी’वर उतरला. १९८४मध्ये ‘ग्रेमलिन्स’ आणि इंडियाना जोन्सचा दुसरा चित्रपट पाहून पालक खवळले, इंडियाना जोन्सचे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनी मधल्या वर्गाची सूचना केली आणि १ जुलैपासून तेराखालच्या मुलांच्या पालकांना जास्त सावध करणारं ‘पीजी-१३’ लागू झालं. परिणाम असा की ‘पोल्टरगाइस्ट’ ‘पीजी’ आहे आणि त्याचा १९८६चा दुसरा भाग ‘पीजी-१३’. चिन्हं पाहून कुणालाही वाटेल की दुसरा भाग जास्त भीतिदायक. पण पहिला आला तेव्हा तो वर्गच अस्तित्वात नव्हता. १९९०पासून चिन्हासोबत कारणाची एक ओळही येऊ लागली. ती वाचावी, चिन्हापेक्षा तिच्यातून जास्त कळतं. रक्त आणि शिवीगाळ फारशी नसूनही २०१३च्या ‘द कॉन्ज्युरिंग’ला ‘आर’ का मिळालं, हे त्या ओळीतल्या ‘दहशत’ या शब्दावरून उमगतं.

दुसरा गोंधळ वयाचा. लहान मुलं कशाला घाबरतात, याचा जोअन कँटर या अमेरिकी संशोधिकेने अनेक वर्षं अभ्यास केला. शाळेत जाण्याआधीची मुलं रूपाला भितात. टीव्ही मालिकेतला ‘हल्क’ खरं तर चांगला, पण तो हिरवा राक्षस होऊ लागला की ती घाबरायची. थोडी मोठी मुलं खरंच घडू शकेल अशा गोष्टीला भितात. अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ १९८३मध्ये टीव्हीवर लागला, तेव्हा सगळ्यांत कमी अस्वस्थ झाली ती सगळ्यांत लहान मुलं. म्हणून ‘अ क्वाएट प्लेस’चे दोन्ही भाग (२०१८, २०२१) ‘पीजी-१३’ असले तरी ते घरात प्रत्येकाला वेगळे लागतात. धाकटं त्यातल्या, आवाज ऐकून झडप घालणाऱ्या प्राण्यांना भिईल. थोरलं घरातलं माणूस गेल्याच्या दुःखाने हलेल, आणि दुसरा भाग तर त्या दुःखावरच उभा आहे. पहिला न पाहता दुसऱ्याला नेलेल्या मुलाला दचकणं तेवढं मिळतं, त्यामागचं कारण नाही. मला तरी हा व्यवहार तोट्याचा वाटतो.

सिनेमा चांगला आहे का, हा प्रश्न यात मुद्दामच मागे ठेवलाय. २०२३च्या ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’वर समीक्षकांनी नाकं मुरडली, तरी मूळ व्हिडिओ गेम खेळलेल्या मुलांनी थिएटरं भरली. उलट ‘मेगन’चा २०२५चा दुसरा भाग भयपट सोडून सरळ मारधाडीकडे वळला, खुनी बाहुलीला नायिका केलं. घरातल्या लहानांना तो पहिल्यापेक्षा सोसवेल. पण पहिल्या भागाचे चाहते आले होते घाबरायला, आणि गल्ला पहिल्याच्या मानाने फारच थोडा जमला.