पंखा बिघडला? मोटरवर शंका घेण्याआधी कंडेन्सर मोजा

पंखा मंदावला की मोटर जळाली, अशी पहिली शंका येते. पण बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि वरच्या कपात बसलेला छोटा कंडेन्सर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, थकलेला असतो. तो बदलणं सोपं आहे. खरं काम आहे ते दोष कंडेन्सरचा, रेग्युलेटरचा की वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा, हे ओळखण्याचं. म्हणून पाना-पक्कड हातात घेण्याआधी पंखा नेमकं काय करतोय ते पाहावं.

रेग्युलेटर शेवटच्या आकड्यावर, म्हणजे फुलवर ठेवा. तिथं पंखा नेहमीसारखा पळत असेल आणि फक्त खालच्या आकड्यांवर मरगळत असेल, तर दोष रेग्युलेटरमध्ये. फुलवरही मंद असेल, तर दोष बहुधा पंख्यातच आहे. पंखा नुसता गुणगुणतोय, फिरत नाही, अशा वेळी लांब लाकडी काठीनं पात्याला हलका धक्का द्या. धक्का दिला त्याच दिशेनं तो फिरत राहिला, उलटा दिला तर उलटाही फिरला, तर रनिंग वाइंडिंग, म्हणजे थेट पुरवठ्यावरचं मुख्य वाइंडिंग, चांगलं आहे. बिघाड कंडेन्सरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा स्टार्टिंग वाइंडिंगमध्ये आहे. स्विच बंद असताना पाती हातानंही जड फिरत असतील, तर बेअरिंग गेलंय. तिथं इलेक्ट्रॉनिक्स शोधून काही हाती लागणार नाही.

धक्का दिल्यावर पंखा का चालतो? सायकलचं पायडल बरोबर वर, सरळ उभं असताना त्यावर कितीही जोर दिला तरी चाक हलत नाही, कारण दुसरं पायडल नेमकं समोर, खाली असतं. ही दोन पायडलं काटकोनात असती, तर एक अडलं तरी दुसऱ्यानं चाक फिरवलं असतं. घरातल्या सिंगल फेज विजेचं असंच आहे. एकट्या वाइंडिंगमधलं चुंबकीय क्षेत्र वाढतं, ओसरतं, उलटतं. पण गोल फिरत नाही. म्हणून पंख्यात दुसरं, स्टार्टिंग वाइंडिंग असतं आणि त्याच्या रांगेत, म्हणजे सीरिजमध्ये, कंडेन्सर. कंडेन्सरमुळे त्या वाइंडिंगमधला प्रवाह जवळजवळ पाव आवर्तन पुढे सरकतो, आणि दोन्ही मिळून फिरतं क्षेत्र तयार होतं. पंख्यातला कंडेन्सर फक्त सुरुवातीपुरता नसतो, पंखा फिरतोय तोवर तो कामावरच असतो. त्याची क्षमता घटली की जोर घटतो आणि वेग उतरतो.

ती घटते कशी, हे त्याच्या रचनेत आहे. आत पॉलिप्रॉपिलीनची पातळ फिल्म गुंडाळलेली असते आणि तिच्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. व्होल्टेजच्या उसळीनं फिल्मला कुठं बारीक छिद्र पडलं, तर त्याभोवतीचा धातू क्षणात उडून जातो आणि शॉर्ट टळतो. पण दर वेळी थोडा धातू कमी होतो, आणि त्याबरोबर क्षमताही. हा कंडेन्सर फुगायलाच हवा किंवा काळा पडायलाच हवा असं नाही. नव्यासारखा दिसणाराही मेलेला असू शकतो. म्हणून तो मोजायचा.

हात घालण्याआधी एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा ब्रेकर, पाडा. भिंतीवरचा स्विच पुरेसा नाही. चुकीच्या जोडणीत तो न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर असतो आणि पंख्यात फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तशीच जिवंत राहते. कप खाली सरकवून जोडणीवर टेस्टरनं खात्री करा. चांगल्या पंख्यात कंडेन्सर वाइंडिंगमधून आपोआप रिकामा होतो, पण वाइंडिंग तुटलं असेल तर भार आत अडकून राहू शकतो. १० किलो-ओहमचा रोध क्षणभर दोन्ही टोकांना लावला की तो संपतो. तो झटका सहसा फार मोठा नसतो, पण स्टुलावर उभ्या माणसाचा तोल जायला पुरेसा असतो.

आता कंडेन्सरचं किमान एक टोक सोडवून मल्टिमीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजा. वर २.५ मायक्रोफॅरड, ५ टक्के कमी-जास्त असं लिहिलं असेल, तर वाचन २.३८ ते २.६२ च्या आत हवं. २.२ च्या खाली गेलं की बदला. नवा त्याच आकड्याचा, ४४० व्होल्ट एसीचा घ्या. पुरवठा २३० व्होल्टचा असला तरी वाइंडिंगच्या जोडीनं कंडेन्सरवर त्याहून बरंच जास्त व्होल्टेज येतं, त्यामुळे २५० व्होल्टवाला तिथं टिकत नाही. जास्त वेगाच्या आशेनं २.५ च्या जागी ३.१५ किंवा ४ चा बसवण्याची सवय मला घातक वाटते. स्टार्टिंग वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त प्रवाह जातो, मोटर तापते आणि तारेवरचं इनॅमलचं आवरण हळूहळू करपतं.

कंडेन्सर चांगला निघाला तर वाइंडिंग तपासा. मोटरमधून तीन वायरी येतात. दोन-दोन वायरींमधला रोध मोजला की तीन आकडे मिळतात. समजा, १६०, २१० आणि ३७० ओहम. सर्वांत मोठा आकडा इतर दोघांची बेरीज असायला हवा. तो ज्या दोन वायरींमध्ये आला त्या रनिंग आणि स्टार्टिंग, आणि उरलेली कॉमन. कुठली जोडी ओहमच दाखवत नसेल तर वाइंडिंग तुटलंय. बरेचदा ते खोल आत न तुटता, पोकळ शाफ्टमधून वायरी बाहेर येतात त्या कडेशी घासून तुटतं, म्हणून आधी ती जागा पाहा. कोणतीही वायर आणि मोटरचं धातूचं अंग यांच्यात वाचन आलं, तर तो पंखा चालवू नका. जोडताना पुरवठा कॉमन आणि रनिंगला, कंडेन्सर रनिंग आणि स्टार्टिंगच्या मध्ये. पुरवठा चुकून स्टार्टिंगला गेला तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताकडे जातो.

रेग्युलेटर दोन प्रकारचे भेटतात. पायऱ्यांच्या रेग्युलेटरमध्ये २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडसारखे कंडेन्सर पंख्याच्या रांगेत येतात. तेही तसेच झिजतात, तसेच मोजायचे. सलग फिरणाऱ्या बटणाच्या रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक, म्हणजे एसी प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, बऱ्याचदा बीटी१३६. बटण कुठंही फिरवलं तरी पंखा फुलवरच पळतो, याचा अर्थ बहुधा ट्रायॅक शॉर्ट झालाय. सुटा करून मुख्य दोन पायांमध्ये मोजा. शून्याच्या जवळ आलं तर बदला.

बीएलडीसी, म्हणजे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या पंख्याची गोष्ट वेगळी. तो बाहेरच्या रेग्युलेटरवर लावायचाच नाही. आत २३० व्होल्ट एसीचं साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं, आणि अनेक बोर्डांत कमी व्होल्टेजचा भागही मेनपासून अलग नसतो. म्हणून सगळी मापं वीज तोडून, मोठा कंडेन्सर रिकामा करून घ्या. रिमोट चालत नसेल तर त्याचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा, बटण दाबल्यावर तो लुकलुकताना दिसतो. पंखा पूर्ण मेला असेल तर फ्यूज, त्याच्या जवळची गोल चकती म्हणजे उसळी झेलणारा व्हॅरिस्टर, आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं फुगलेलं टोक पाहा. व्हॅरिस्टर फुटला असेल तर विजेची उसळी आली होती. तो काढून नुसता फ्यूज बदललात, तर पुढची उसळी थेट बोर्ड घेईल.

पंखा थरथरतो पण फिरत नाही, अशा वेळी बोर्डापासून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी एक सुटलेली असते किंवा बोर्डावरचं एखादं मॉस्फेट, म्हणजे त्या वायरींना वीज देणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेलेलं असतं. वीज तोडून पाती हातानं फिरवा. बोर्ड जोडलेला असताना अडखळत, जड फिरतात आणि मोटरचा प्लग बोर्डातून काढला की हलकी होतात, तर मॉस्फेट शॉर्ट आहे. मोटर तपासायला सुटलेल्या तीनपैकी दोन वायरी एकमेकींना टेकवा. पाती लगेच जड व्हायला हवीत. तिन्ही जोड्यांत सारखाच अडथळा जाणवला तर चुंबक आणि कॉइल शाबूत आहेत. राळेत बुडवलेला बोर्ड खरवडत बसू नका, त्याच मॉडेलचा पूर्ण बोर्ड घ्या. आतला प्रोग्रॅम त्या मोटरसाठीच बसवलेला असतो.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्यांदा वीज देताना साध्या इंडक्शन पंख्याच्या रांगेत १०० वॉटचा जुना फिलामेंट बल्ब लावा. तो पूर्ण तेजानं पेटला तर कुठंतरी शॉर्ट उरलाय. मंद राहिला तर बल्ब काढून पंखा थेट पुरवठ्यावर चालवा, पण त्याआधी कप वर सरकवून घट्ट करा आणि डाउन रॉडच्या बोल्टमधली स्प्लिट पिन दोन्ही बाजूंनी वाकवलीय ना, ते पाहा.