दोन वर्षांची पायरी: कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं आणि वकिलीची वाट

क्रूझ रेनोसो लहान होते तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा गावात त्यांच्या मेक्सिकन वस्तीला टपाल घरपोच मिळत नसे. जवळच्याच इतर घरांना मिळे. वस्तीतल्या माणसांना मात्र पत्र आलंय का हे बघायला मैलभर चालत पोस्टात जावं लागे. या मुलानं स्थानिक पोस्टमास्तरांकडे विचारणा केली, तिथे दाद लागेना तेव्हा अर्ज लिहिला, घरोघर हिंडून सह्या घेतल्या आणि तो थेट वॉशिंग्टनला पोस्टमास्तर जनरलच्या नावे धाडून दिला. पुढे वस्तीत टपाल येऊ लागलं.

शेतमजुराच्या घरात अकरा भावंडांत वाढलेला हा मुलगा 1982 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. त्या न्यायालयातले ते पहिले लॅटिनो. मधला प्रवास असा: फुलर्टनचं ज्युनियर कॉलेज, तिथली दोन वर्षांची पदवी 1951 साली, मग पोमोना कॉलेज, मग लष्करातली नोकरी, मग बर्कलीचं लॉ स्कूल, 1958. हा प्रवास नेहमी एका माणसाच्या जिद्दीची कहाणी म्हणून सांगितला जातो. जिद्द होतीच. पण मला त्यातला फुलर्टनचा टप्पा सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण घरापासून जवळ, कमी पैशांत, कुणाच्याही शिफारशीवाचून शिरता येईल असं कॉलेज तिथे आधीपासून उभं होतं. ते नसतं तर जिद्दीला पाय ठेवायला पायरीच नव्हती.

आपल्याकडे बारावी झाली की पाच वर्षांच्या लॉला थेट प्रवेश घेता येतो. अमेरिकेत तशी सोय नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एलसॅट ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं लॉ स्कूल, आणि शेवटी वकिलीच्या परवान्यासाठी त्या त्या राज्याची बार परीक्षा. म्हणजे सात वर्षं शिक्षण, आणि अनेकांच्या डोक्यावर लाख डॉलरच्या वर कर्ज. कम्युनिटी कॉलेज यातली पहिली दोन वर्षं देतं. घरी राहून, नोकरी सांभाळून ती करायची, उरलेल्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात बदली घ्यायची, ज्याला तिथे सगळे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, आणि मग लॉ स्कूलकडे वळायचं. दोन अधिक दोन अधिक तीन, असा हा हिशेब.

या दोन वर्षांच्या कॉलेजांचा उगम मात्र गरिबांच्या कळवळ्यातून झालेला नाही. 1901 साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला पहिलं सरकारी ज्युनियर कॉलेज निघालं, सुरुवातीला सहा विद्यार्थी. त्यामागे शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचा विचार होता: पहिल्या दोन वर्षांचं शिकवणं दुसऱ्या कुणीतरी करावं, विद्यापीठानं वरच्या अभ्यासाकडे आणि संशोधनाकडे लक्ष द्यावं. कॅलिफोर्नियानं 1907 साली कायदा करून हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची मुभा दिली, आणि 1910 साली फ्रेस्नोत तसे वर्ग सुरू झाले. द्राक्षं आणि मनुक्यांचा हा मुलूख. विद्यापीठ दूर, आणि पोराला तिकडे ठेवायचा खर्च बहुतेकांना झेपणारा नव्हता. हार्पर यांची सोय एकीकडे आणि फ्रेस्नोच्या आईबापांची गरज दुसरीकडे, पण इमारत एकच उभी राहिली.

आता वकिलीची बाजू. अब्राहम लिंकन कोणत्याच लॉ स्कूलमध्ये गेले नव्हते, पुस्तकं मिळवून वाचून वकील झाले. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांची रीत तीच: एखाद्या वकिलाच्या हाताखाली राहायचं, कागद उतरवायचे, कायदा वाचायचा. शतकाच्या अखेरीस शहरांत रात्रीची लॉ स्कूलं निघाली. दिवसभर दुकानात किंवा कचेरीत काम करणारी, नुकती स्थलांतर करून आलेल्या घरांतली मुलं तिथे शिकू लागली. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, त्यामागचं कारण ज्याला कळतं त्याला या रात्रशाळांचं मोल वेगळं सांगायला नको.

प्रस्थापित वकिलांना मात्र त्या खटकत होत्या. अमेरिकन बार असोसिएशन ही वकिलांची देशव्यापी संघटना. तिनं 1912 साली तीन कृष्णवर्णीय वकिलांना नकळत सदस्य करून घेतलं, आणि लक्षात आल्यावर असे नियम केले की 1943 पर्यंत कृष्णवर्णीयांना तिथे जवळजवळ शिरकावच राहिला नाही. याच संघटनेनं 1921 साली, माजी परराष्ट्रमंत्री एलिहू रूट यांच्या समितीच्या शिफारशीवरून, ठराव केला की लॉ स्कूलमध्ये येणाऱ्यानं आधी किमान दोन वर्षं कॉलेज केलेलं असावं. दर्जा सुधारावा हा हेतू खोटा नव्हता. पण स्थलांतरितांच्या मुलांना दाराबाहेर ठेवावं ही इच्छाही त्यात मिसळलेली होती, आणि त्या काळच्या वकिलांच्या भाषणांत ती फारशी लपवलेलीही दिसत नाही. त्याच वर्षी कार्नेगी फाउंडेशनसाठी आल्फ्रेड रीड यांनी कायदेशिक्षणावर मोठा अहवाल लिहिला आणि रात्रशाळांची बाजू घेतली. लोकशाहीत कायदा बनवणारे आणि चालवणारे एकाच वर्गातून येऊन चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. संघटनेनं ते मानलं नाही.

योगायोग असा की 1921 सालीच कॅलिफोर्नियानं ज्युनियर कॉलेजांसाठी स्वतंत्र जिल्हे, म्हणजे कॉलेज चालवणारे स्थानिक विभाग, स्थापन करायचा कायदा केला. मोडेस्टोचा जिल्हा पहिला. वकिलांनी ‘दोन वर्षं कॉलेज हवं’ म्हणून दार उंच केलं, आणि त्याच वर्षी एका राज्यानं गावोगावी दोन वर्षांचं कॉलेज पोचवायची व्यवस्था केली. कुणी ठरवून हे केलं नव्हतं. तरीही पुढची सगळी गोष्ट या जोडीतून उलगडते.

कारण दार तेवढ्यावर थांबलं नाही. 1950 च्या दशकात संघटनेची अट दोनावरून तीन वर्षांवर गेली, आणि पुढे व्यवहारात चार वर्षांची पदवीच लागू लागली. दोन वर्षांचं कॉलेज करून थेट लॉ स्कूल गाठायची सोय संपली, आता मध्ये विद्यापीठ आलं. कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या कायद्यात मात्र जुनी अट अजून जिवंत आहे. तिथे बार परीक्षेकडे जायला दोन वर्षांचं कॉलेज पुरतं, वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली चार वर्षं शिकूनही परीक्षेला बसता येतं. पण त्या वाटेनं जाणारे थोडे आणि उत्तीर्ण होणारे त्याहून थोडे. नामांकित लॉ स्कूलचा रस्ता ट्रान्सफरमधूनच जातो.

दरम्यान ‘ज्युनियर’ हे नाव मागे पडलं. 1944 च्या जीआय कायद्यानं युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला आणि कॉलेजं भरून वाहू लागली. 1947 साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं, जॉर्ज झूक यांच्या अध्यक्षतेखाली, देशभर फी नसलेली दोन वर्षांची कॉलेजं असावीत असं सुचवलं आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द सर्वतोमुखी केला. ट्रुमन यांच्याकडे स्वतःची पदवी नव्हती. 1923 ते 1925 ते कॅन्सस सिटीतल्या रात्रीच्या लॉ स्कूलला जात होते, ते पुरं झालं नाही. ज्या माणसाचं शिक्षण असं अर्ध्यावर राहिलं त्याच्याच कारकिर्दीत हा अहवाल आला, हे मला फार बोलकं वाटतं.

1960 साली कॅलिफोर्नियानं उच्चशिक्षणाचा ‘मास्टर प्लॅन’ केला. क्लार्क कर हे त्याचे प्रमुख शिल्पकार, गव्हर्नर पॅट ब्राउन यांनी त्याच्या कायद्यावर सही केली. हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एकतृतीयांशांना स्टेट कॉलेजं, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. खालच्या पायरीवरून वर चढायचा हक्क ट्रान्सफरनं राखायचा. या योजनेचं फळ बघायचं तर तानी कांटिल-साकाउये यांच्याकडे बघावं. फिलिपिनो कुटुंबातली सॅक्रामेंटोची मुलगी. सॅक्रामेंटो सिटी कॉलेज, तिथून युनिव्हर्सिटीच्या डेव्हिस आवारात ट्रान्सफर, तिथेच लॉ, गव्हर्नरच्या कार्यालयात नोकरी, आणि 2011 ते 2023 या काळात राज्याच्या सरन्यायाधीश. सिटी कॉलेजमध्ये त्या होत्या तेव्हा राज्यातल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजात शिकायला फी नव्हती. त्यांचं लॉ 1984 साली पुरं झालं, आणि फी सुरू झाली तीही त्याच वर्षी, युनिटमागे, म्हणजे अभ्यासक्रम मोजायच्या एककामागे, 5 डॉलर. आज ती 46 डॉलर आहे. दोन वर्षांचे 60 युनिट धरले तर 2760 डॉलर. तिथल्या विद्यापीठांच्या मानानं हे अजूनही फार कमी, पण पुस्तकं, गाडीचं पेट्रोल आणि खोलीचं भाडं त्यात धरलेलं नाही, आणि विद्यार्थ्यांची खरी अडचण तिथेच होते.

सरकारी नोकरीची वाट याहून लवकर रुळली. 1967 साली राष्ट्राध्यक्षांच्या एका आयोगानं पोलिसांना कॉलेजशिक्षण असावं असं म्हटलं, 1968 च्या कायद्यानं पोलिसांच्या शिक्षणासाठी केंद्राचा पैसा आला आणि कम्युनिटी कॉलेजांत पोलीस व न्यायप्रशासनाचे विभाग भराभर निघाले. वकिलांच्या कचेरीत साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या पॅरालीगलचे अभ्यासक्रमही आले. त्यातून हजारोंना नोकऱ्या लागल्या. पण शेतमजुराची मुलगी पॅरालीगल होऊ शकते आणि वकील होऊ शकत नाही, ही विभागणी त्यातून पक्की झाली, असंही मला वाटतं.

नोव्हेंबर 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 209 मंजूर केला. सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करायला बंदी आली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळानं तसा निर्णय आधीच घेतला होता. परिणाम लगेच दिसला: 1997 साली बर्कलीच्या लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि त्यालाही प्रवेश आदल्या वर्षी मिळालेला होता. पुढे राज्याच्या बारनं, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेनं, स्वतःच मोजदाद केली तेव्हा प्रौढ लोकसंख्येत लॅटिनो 36 टक्के आणि वकिलांत 7 टक्के निघाले. प्रवेशाच्या टेबलावर काही करता येत नसेल तर कितीतरी मागे जाऊन, ही मुलं मुळात ज्या कॉलेजात आहेत तिथूनच सुरुवात करायला हवी, हे हळूहळू ध्यानात येऊ लागलं.

त्यातून 2014 साली राज्याच्या बारच्या पुढाकारानं ‘पाथवे टू लॉ स्कूल’ हा करार झाला. 24 कम्युनिटी कॉलेजं आणि 6 लॉ स्कूलं त्यात आली, डेव्हिस, अर्व्हाइन आणि सँटा क्लारा त्यांपैकी. लेखन, तर्कशुद्ध विचार, वक्तृत्व, संख्याशास्त्र, अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था असे ठरावीक विषय, त्यासोबत कायद्याची ओळख आणि समाजात जाऊन काम. शिवाय एक नेमलेला समुपदेशक, एखादा वकील मार्गदर्शक, एलसॅटच्या तयारीला मदत आणि सहभागी लॉ स्कूलच्या अर्जाचं शुल्क माफ. वाचायला किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरात कुणी वकील नाही त्याला संख्याशास्त्राचा लॉशी काय संबंध हे सांगणारं कोण असतं?

याच काळात ट्रान्सफरही सोपी करण्याचा प्रयत्न झाला. 2010 च्या एका राज्य कायद्यानं अशी दोन वर्षांची पदवी आणली की ती पुरी केल्यावर स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे पूर्वीच्या स्टेट कॉलेजांच्या व्यवस्थेत, थेट तिसऱ्या वर्षाची जागा राखलेली. त्यातली एक पदवी ‘कायदा, सार्वजनिक धोरण आणि समाज’ या नावाचीच आहे. 2021 साली पोलिसांसाठीचं किमान वय 21 करणाऱ्या कायद्यानं आधुनिक पोलीसकामाची पदवी आखायची जबाबदारीही कम्युनिटी कॉलेजांच्या व्यवस्थेवर टाकली.

तरी गळती मोठी आहे. 2024 साली राज्याच्या लेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा ट्रान्सफर घ्यायची म्हणून आलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी साधारण एकालाच चार वर्षांत ती घेता आली होती. एका कॉलेजात केलेला विषय दुसरीकडे धरला जात नाही, एका विद्यापीठाची विषयांची यादी दुसऱ्याशी जुळत नाही, नोकरीमुळे एक सत्र सुटतं आणि मग सुटतच जातं. लॉ स्कूलची अट दोन वर्षांच्या कॉलेजचीच राहिली असती तर हा सांधाच उरला नसता.

रेनोसो यांना मतदारांनी 1986 साली न्यायालयातून काढलं, मृत्युदंडाच्या प्रश्नावर सरन्यायाधीश रोझ बर्ड यांच्याविरुद्ध चाललेल्या मोहिमेत. त्यानंतर ते शिकवत राहिले, शेवटी डेव्हिसच्या लॉ स्कूलमध्ये. 2014 चा करार झाला तेव्हा ते तिथले निवृत्त प्राध्यापक होते.