लिंकमध्ये % दिसलं म्हणजे व्हायरस?

‘लिंकमध्ये टक्क्याची चिन्हं आणि आकडे दिसले की ती लिंक व्हायरसची, उघडू नका,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. ती अगम्य अक्षरं पाहून शंका येणं स्वाभाविक आहे, पण ती चिन्हं व्हायरसची खूण नाहीत.

वेब-पत्त्यात मोजकीच इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं चालतात. बाकी सगळं % आणि त्यापुढच्या दोन अंक-अक्षरांच्या सांकेतिक रूपात जातं. मोकळी जागा %२० होते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे संगणकातल्या माहितीचा छोटा तुकडा) आणि दर बाइटला % धरून तीन अक्षरं लागतात, म्हणून त्याची नऊ अक्षरं होतात. ‘मराठी’ शब्दात काना-वेलांटीसह पाच चिन्हं, म्हणजे तब्बल ४५!

पडताळायचंय? मराठी शीर्षक पत्त्यातही असलेलं एखादं पान उघडा, वरचा पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. बहुतेक वेळा तीच टक्क्यांची माळ दिसेल.

उलट ही चिन्हं काढून टाकली तर लिंक तुटते. उदाहरणार्थ, ‘सी#’ नावाच्या फोल्डरची लिंक देताना # तसाच ठेवला, तर ब्राउझर त्यापुढचा भाग सर्व्हरला पाठवतच नाही. तिथे %२३ लागतं.

धोका ओळखायचा तर % सोडा, साइटचं नाव वाचा: // नंतर पुढच्या /, ? किंवा # पर्यंतचा (जे आधी येईल तिथपर्यंतचा) भाग, आणि त्यात @ असेल तर शेवटच्या @ नंतरचा.