सरासरी दोन, पण बहुतेकांचा आकडा शून्य

नव्या साथीची बातमी आली की तिच्याबरोबर एक चित्र हमखास छापलं जातं. एका माणसापासून निघालेले दोन बाण, त्या दोघांपासून आणखी दोन-दोन, मग आठ, सोळा, बत्तीस. खाली ओळ असते: ‘या रोगाचा आर दोन आहे.’ आर म्हणजे एका बाधित माणसाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा. तो एकाच्या वर असला तर साथ पसरते, खाली असला तर विझत जाते. इथवर सगळं ठीक आहे. आकडाही बहुधा बरोबर असतो. चुकतं ते चित्र, कारण कित्येक रोगांमध्ये नेमकी दोघांना लागण देणारी माणसं फार थोडी असतात.

२००३ मधल्या सार्सच्या, म्हणजे श्वसनसंस्थेच्या एका विषाणूजन्य रोगाच्या साथीत सिंगापूरने रुग्णांच्या संपर्कांची अतिशय बारकाईने नोंद ठेवली होती. तिथल्या पहिल्या २०१ संभाव्य रुग्णांपैकी १६२ जणांकडून पुढे कोणालाही लागण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ८१ टक्के रुग्णांपाशी साखळी तुटली होती. आणि त्याच २०१ जणांपैकी १०३ जणांच्या लागणीचा माग काढत गेल्यावर तो अवघ्या पाच रुग्णांपाशी जाऊन थांबत होता. मला ही दोन वाक्यं साथरोगशास्त्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाक्यांपैकी वाटतात. सरासरीने जे झाकलं होतं, ते या मोजणीने उघडं केलं.

त्याच साथीतली दुसरी घटना. फेब्रुवारी २००३ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला एक आजारी डॉक्टर हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. त्याच्यापासून हॉटेलातल्या डझनभराहून जास्त लोकांना लागण झाली, आणि त्यांच्यामार्फत विषाणू हनोई, सिंगापूर आणि कॅनडात पोचला. कॅनडात या हॉटेलातले पाहुणे दोन शहरांत परतले होते. टोरंटोत मोठी साथ झाली आणि कॅनडातल्या चाळीसहून अधिक मृत्यूंपैकी बहुतेक तिथले. व्हँकूव्हरला परतलेल्या रुग्णापासून मात्र साथ उभीच राहिली नाही. विषाणू तोच, उगम तोच, देश तोच. व्हँकूव्हरच्या रुग्णालयाने त्या रुग्णाला लगेच वेगळं ठेवलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण या फरकात योगायोगाचाही वाटा होता, आणि हा योगायोग गणिताने मोजता येतो.

दोन काल्पनिक रोग घ्या. दोन्हींचा आर दोनच. पहिल्या रोगात सगळे रुग्ण सारखेच संसर्गजन्य आहेत, कोणाकडून किती जणांना लागण होईल हे निव्वळ नशिबावर अवलंबून आहे. या रोगात १०० पैकी साधारण १३-१४ रुग्णांकडून कोणालाच लागण होत नाही, बाकीच्यांकडून एक, दोन, तीन अशी होत जाते. दुसऱ्या रोगात रुग्णारुग्णांत प्रचंड फरक आहे. तिथे १०० पैकी सुमारे ७४ रुग्ण कोणालाच लागण देत नाहीत, आणि उरलेल्यांतले मोजके इतक्या जणांना देतात की सरासरी परत दोनवर येते.

हा फरक सांगणारा दुसरा आकडा आहे ‘के’, म्हणजे विखुरणीचा निर्देशांक. के जितका लहान, तितका लागणीचा भार मूठभर रुग्णांवर. इथे थोडं गणित येणार आहे, पण ते टाळून पुढे गेलो तर यातली खरी मौज हातची जाईल. प्रत्येक रुग्ण किती जणांना लागण देतो याची यादी केली, तर तिची सरासरी आर येते आणि तिचं प्रचरण, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पांगले आहेत याचं माप, येतं ‘आर अधिक आरचा वर्ग भागिले के’. पहिल्या रोगात के अतिशय मोठा, म्हणून दुसरं पद नाहीसं होतं आणि प्रचरण उरतं २. दुसऱ्या रोगात के ०.१ धरला तर प्रचरण २ अधिक ४०, म्हणजे ४२ होतं. सरासरी तीच, पांगापांग एकवीसपट. या वितरणाला ऋण द्विपद वितरण म्हणतात. मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९२० मध्ये ते दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या अपघातांसाठी वापरलं होतं: काही कामगारांना वारंवार अपघात का होतात आणि बहुतेकांना एकही का होत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येकाचा स्वतःचा धोका वेगवेगळा आणि त्यावर नशिबाचा खेळ, असे दोन थर एकत्र आले की हे वितरण आपोआप तयार होतं. जेम्स लॉइड-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हेच गणित संसर्गाला लावलं. सिंगापूरच्या सार्ससाठी त्यांना के ०.१६ मिळाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झासाठी नंतर काढलेला के एकाच्या आसपास आहे, म्हणजे तो रोग कितीतरी ‘समान वाटप’ करणारा. कोविडच्या पहिल्या काही महिन्यांतल्या हाँगकाँगच्या नोंदींत सुमारे १९ टक्के रुग्णांकडून ८० टक्के स्थानिक लागण झाली होती, आणि ६९ टक्के रुग्णांकडून कोणालाच नाही.

आता टोरंटो आणि व्हँकूव्हरकडे परत या. एखाद्या शहरात एकच बाधित माणूस उतरला आणि कोणीच काही केलं नाही, तर साथ आपोआप विझण्याची शक्यता किती? आर दोन असलेल्या पहिल्या रोगात ती सुमारे २० टक्के येते. दुसऱ्या रोगात, के ०.१ धरून, सुमारे ८९ टक्के! दहापैकी जवळपास नऊ वेळा साखळी स्वतःच तुटते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण दहाव्या वेळी जे होतं ते भडक्यासारखं होतं, कारण सुरुवातीलाच एका ठिकाणी वीस-तीस जणांना एकदम लागण झालेली असते. साथी अचानक उगवल्यासारख्या दिसतात याचं हे एक मोठं कारण आहे.

भोंदू उपचारांचं सगळं दुकान याच ८९ आणि ७४ टक्क्यांवर चालतं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. घरात एकाला लागण झाली, बाकीच्यांनी कसलंसं चूर्ण घेतलं किंवा गळ्यात ताईत बांधला, आणि कोणालाच काही झालं नाही. अनुभव खरा असतो, सांगणारा खोटं बोलत नसतो. पण रुग्णांपैकी तीन चतुर्थांश जण तसेही कोणाला लागण देणार नसतील, तर कुठल्याही उपायाला तीन चतुर्थांश यश फुकटात मिळतं. ‘शेजारी बसलो होतो, काही झालं नाही, म्हणजे रोगच थोतांड’ हा निष्कर्षही याच कच्च्या पायावर उभा असतो. तुलनेसाठी तो उपाय न घेतलेला गट समोर नसेल, तर अशा यशाची किंमत शून्य आहे.

रुग्णारुग्णांत एवढा फरक पडतो कशामुळे? एक कारण शरीरात असतं. घशातल्या विषाणूंचं प्रमाण दोन रुग्णांत लाखपटींनी वेगळं असू शकतं. बोलताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण आवाज वाढला की वाढतात, आणि काही माणसं त्याच आवाजात इतरांपेक्षा दसपट कण सोडतात. जिवाणूंची गोष्टही वेगळी नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी बाल्टिमोरमध्ये क्षयरोगाच्या वॉर्डातली हवा नळांतून वर नेऊन गिनीपिग ठेवलेल्या खोलीत सोडली. गिनीपिगना लागण झाली, म्हणजे क्षय हवेतून पसरतो हे सिद्ध झालं. पुढे त्यांनी प्राण्यांतल्या जिवाणूंचा औषधांना होणारा विरोध रुग्णांच्या जिवाणूंशी ताडून पाहिला, तेव्हा बहुतेक लागण मोजक्याच रुग्णांकडून आलेली निघाली.

दुसरं कारण जागा आणि प्रसंग. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर, त्यांतला एक लक्षणं असलेला. नंतर त्या एकासह ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघांचा मृत्यू झाला. तोच माणूस त्या संध्याकाळी घरी बसला असता तर त्याचा आकडा कदाचित शून्य राहिला असता. म्हणून ‘महाप्रसारक’ हे बिरुद माणसाला चिकटवणं मला पटत नाही. विषमज्वराचे जिवाणू पित्ताशयात बाळगणारी आणि स्वतः ठणठणीत असलेली स्वयंपाकीण मेरी मॅलन हिला न्यूयॉर्कमध्ये आयुष्याची पंचवीसहून जास्त वर्षं विलगीकरणात काढावी लागली. तिथे तिच्यासारखे निरोगी वाहक पुढे शेकड्यांनी सापडले, पण जन्मठेप तिच्या एकटीच्या वाट्याला आली.

मग याचा उपयोग काय? संपर्क शोधण्याची नेहमीची पद्धत पुढे बघते: रुग्ण सापडला की त्याच्याकडून कोणाला लागण झाली असेल ते शोधा. के लहान असेल तर या शोधात बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. उलटं विचारून पाहा: या रुग्णाला लागण कोणाकडून झाली? दहा रुग्णांपैकी नऊ जणांनी कोणालाच दिली नाही आणि एकाने वीस जणांना दिली, तर सरासरी दोनच. पण त्या वीसांतल्या कोणालाही विचारा, बोट त्या एकाकडेच जाणार. बस सरासरीने अर्ध्या रिकाम्या धावत असल्या तरी बहुतेक प्रवाशांना बस खच्चून भरलेलीच आठवते, कारण भरलेल्या बसमध्येच प्रवासी जास्त असतात. तसंच हे आहे. सरासरीत ‘प्रचरण भागिले सरासरी’ मिळवलं, म्हणजे २ अधिक ४२ भागिले २ केलं, तर आर २ आणि के ०.१ असताना कुठल्याही रुग्णाला लागण देणाऱ्या माणसाने सरासरी २३ जणांना लागण दिलेली असते. पुढे शोधलं तर दोन सापडतात, मागे जाऊन मग पुढे शोधलं तर तेवीस.

जपानने २०२० च्या सुरुवातीला हितोशी ओशितानी आणि सहकाऱ्यांच्या सल्ल्याने असाच मागे जाणारा शोध घेतला, आणि त्यातून बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून होणारं संभाषण या तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका, हा सल्ला निघाला. मित्रांच्या जाळ्यांमध्येही हेच तत्त्व दिसतं. २००९ च्या फ्लूच्या साथीत निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी हार्वर्डमध्ये यदृच्छेने निवडलेले विद्यार्थी आणि त्यांनी नाव घेतलेले मित्र असे दोन गट पाहिले. मित्रांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी पोचली होती, कारण ज्यांची ओळख जास्त त्यांचंच नाव जास्त वेळा घेतलं जातं.

गोवराला या युक्त्या फारशा लागू पडत नाहीत. लसीचं संरक्षण नसलेल्या समाजात त्याचा आर १२ ते १८ असतो, त्यामुळे मोजक्या प्रसंगांना आळा घालूनही उरलेली लागण साथ चालू ठेवायला पुरते. तिथे ९५ टक्के मुलांना दोन डोस देण्याला पर्याय नाही. के लहान असलेल्या रोगांसाठी मात्र बदल करायचा तो चौकशीच्या तक्त्यात. कोविडच्या काळात बहुतेक ठिकाणी रुग्णाला लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून तो कोणाला भेटला ते विचारलं जायचं. त्यात त्याने कोणाला लागण दिली असेल ते कळतं, पण त्याला कुठे लागण झाली ते बहुधा कळत नाही, कारण ती भेट त्याआधीची असते. तोच प्रश्न चौदा दिवस मागे नेला आणि माणसांबरोबर जागांचीही यादी केली, की वेगवेगळ्या रुग्णांच्या यादीत एकच सभागृह, एकच तारीख पुन्हा पुन्हा दिसू लागते.