गच्चीवरच्या छत्र्या आणि आकाशातली जागा

लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीच्या गच्चीवर गेलात, की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. घरं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण टीव्हीच्या झाडून सगळ्या छत्र्यांची तोंडं आग्नेयेच्या बाजूला. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून तो आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा असतो. विषुववृत्त मुंबईच्या दक्षिणेला, आणि आपले डीटीएचचे, म्हणजे थेट घरच्या छत्रीवर चॅनेल पाठवणारे, उपग्रह त्यातही थोडे पूर्वेकडे.

मुंबईचीच कंपनी घ्या, टाटा स्काय, म्हणजे आताची टाटा प्ले. डिश टीव्ही 2003 मध्ये आलं होतं, दूरदर्शनची मोफत सेवा 2004 मध्ये. टाटा स्काय ऑगस्ट 2006 मध्ये सुरू झालं, ते इन्सॅट-4ए या उपग्रहाच्या 12 केयू बँड ट्रान्सपाँडरांच्या भरवशावर. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेले चॅनेल पुन्हा खाली पाठवणारं उपग्रहावरचं यंत्र, आणि केयू बँड हा त्यासाठी वापरायच्या लहरींचा एक पट्टा. केबलवाल्याला दर नव्या घरासाठी गच्चीवरून वायर ओढावी लागते. उपग्रहाचं तसं नाही. तो वरून देशभर सारखाच बरसत असतो. खाली एक छत्री असो की एक कोटी, त्याच्यावर काडीचाही भार वाढत नाही. या धंद्याच्या वाढीचं खरं मर्म मला इथेच दिसतं. घरं कितीही वाढवता येतात, अडतं ते चॅनेलच्या संख्येपाशी, कारण ट्रान्सपाँडर मोजकेच.

मग त्याच जागेत जास्त चॅनेल कोंबायचे. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत क्षणाक्षणाला बदलत नाही, तर ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवा? जेवढं हललं तेवढंच पाठवायचं. चित्र आकसून पाठवायची एमपेग-2 ही पद्धत हेच करते, आणि नवं एमपेग-4 तेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसवतं. मात्र जुन्या सेट-टॉप बॉक्सला ही नवी भाषा कळत नाही. आकाशातली जागा वाचवायची तर जमिनीवर घरोघरी जाऊन बॉक्स बदलायचे, आणि हे काम अतिशय खर्चिक. दुसरा मार्ग नव्या उपग्रहाचा. जून 2022 मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून 4,180 किलोचा जीसॅट-24 गेला. त्याचे 24 ट्रान्सपाँडर सगळेच्या सगळे टाटा प्लेसाठी.

केयू बँडमुळे छत्री दोन फुटांची झाली आणि चाळीच्या कठड्यावर मावली. त्याची किंमत आपण जुलैत मोजतो. ही लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची. पावसाचे टपोरे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. पूर्वीच्या भल्यामोठ्या छत्र्यांवर येणारी सी बँडची लहर सात-आठ सेंटीमीटरची, तिला पाऊस फारसा जाणवत नाही. गंमत म्हणजे लहर उपग्रहापासून मुंबईपर्यंत 36,000 किलोमीटरहून जास्त अंतर येते आणि अडखळते ती शेवटच्या पाच-सहा किलोमीटरमध्ये, कारण पाऊस तेवढ्याच उंचीपर्यंत असतो. जुन्या अँटेनावर मुंग्या आल्या तरी चित्र दिसायचं. डिजिटलमध्ये आधी चौकोन पडतात, मग चित्र थिजतं आणि थेट ‘नो सिग्नल’.

आमच्या गच्चीवर छत्री लावायला आलेला मुलगा एका हातात मीटर धरून दुसऱ्या हाताने तबकडी केसभर सरकवत होता. जरा जास्त ढकलली की मीटरचा आकडा धपकन खाली. नट आवळतानाही आकडा हलला, म्हणून त्याने तो सैल करून पुन्हा बसवला. 83 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह मुंबईतून क्षितिजाच्या वर सुमारे 65 अंशांवर असतो. छत्री मात्र तेवढी आभाळाकडे बघताना दिसत नाही, कारण लहर तिच्यावर तिरकी पडून पुढच्या दांडीवरच्या एलएनबीकडे, म्हणजे लहर टिपणाऱ्या डबीकडे, वळते. 65 अंश म्हणजे बरंच वर, त्यामुळे शेजारची चार मजली इमारत सहसा आड येत नाही. पण त्याच दिशेला 30 मीटरवर टॉवर उभा राहिला आणि छत्रीपासून 64 मीटर वर गेला, की संपलं. समोरच्या टॉवरचे मजले बोटाने मोजून झाल्यावर त्या मुलाने छत्री उचलली आणि पाण्याच्या टाकीपलीकडच्या कोपऱ्यात नेली.