भेंडाची काडी आणि पिसाची माशी

मृगाचा पहिला दणकट पाऊस पडून गेला की संध्याकाळी जमिनीतून वाळवीची पाखरं उठतात. दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि सकाळी ओट्यावर नुसत्या पंखांचा सडा पडलेला असतो. गंगाखेडच्या खाली, नदीकाठच्या आमच्या गावात ही संध्याकाळ आम्हा पोरांची मासे धरायची. (आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच.) एरवी गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, वर ज्वारीच्या धाटाचं भेंड बांधायचं, खाली शिशाचा तुकडा, आणि आमिष तळाला सोडून द्यायचं. भेंड बुडालं की ओढायचं. पण पाखरं उठली की भोई गल्लीतले मामा भेंडही काढायला लावायचे आणि शिसंही. बारीक गळाला एक पाखरू टोचायचं आणि ते आपसूक गळून पडल्यासारखं पाण्यावर उतरवायचं. अळकुट्या उसळी मारून ते घ्यायच्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी फ्लाय फिशिंगबद्दल वाचलं, तेव्हा ही संध्याकाळ डोळ्यापुढे उभी राहिली. तत्त्व तेच आहे: मासा या घडीला काय खातोय ते ओळखायचं आणि तेच त्याच्यापुढे ठेवायचं. फरक एवढाच, की तिथे खऱ्या किड्याऐवजी गळावर दोरा, लोकर आणि पिसं गुंडाळून खोटा किडा बांधतात.

खोटा का, याचं उत्तर फार जुनं आहे. इसवी सन 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या कोळ्यांची हकिगत लिहून ठेवली. तिथले मासे पाण्यावर बसणारी एक विशिष्ट माशी खात. पण ती माशी माणसाचा हात लागताच रंग घालवून बसे, गळाला लावण्याजोगी राहतच नसे. म्हणून ते लोक गळाला लाल लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बसवत. काठी सहा फूट, दोरी तेवढीच. खोट्या माशीची ही सर्वांत जुनी लेखी हकिगत मानतात.

पिसाच्या माशीला वजन जवळपास नसतंच. आपल्या गळात फेकताना शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. इथे शिसं नाही, म्हणून आजच्या फ्लाय फिशिंगमध्ये दोरीच जड केलेली असते. काठी मागे नेऊन पुढे झटकली की दोरीचा वळसा हवेतून उलगडत जातो. आसूड ओढताना होतं तेच हे. वळसा पुढे सरकतो तसा धावणारा भाग आखूड होत जातो, त्यामुळे जोर थेट टोकापर्यंत पोचतो. फक्त आसूड कडाडतो, आणि इथे टोकाची माशी आवाज न करता पाण्यावर टेकायला हवी.

या कलेत प्रत्येक नदीची माशी वेगळी, कारण प्रत्येक नदीतले किडे वेगळे. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक घ्या. त्याची पिल्लं महिनोन्‌महिने पाण्याखाली दगडांना चिकटून वाढतात. पंख फुटून वर आलेल्या कीटकाला खाण्यासाठी तोंडच उरलेलं नसतं. काही तास, फार तर दोन-तीन दिवस जगायचं आणि अंडी घालून मरायचं. गंगेच्या वाहत्या भागातला एखादा दगड हलकेच उलटून पाहा. चपट्या अंगाचं, शेपटीला दोन-तीन तंतू असलेलं, पोटाच्या दोन्ही कडांना पानासारखे कल्ले हलवणारं पिल्लू दिसलं तर समजावं, पाण्यात अजून प्राणवायू आहे. घाण पाण्यात बहुतेक जातींची ही पिल्लं टिकत नाहीत. म्हणून कोणत्या महिन्यात कोणत्या वळणावर कोणता किडा उठतो, ही मासे धरणाऱ्याची नोंद म्हणजे नदीच्या तब्येतीचीही नोंद असते.

अमेरिकेत हे ज्ञान त्या-त्या भागातल्या लोकांकडून मागवून घेतलं गेलं. मेरी ऑर्व्हिस मार्बरी या बाईंनी ठिकठिकाणच्या मासे धरणाऱ्यांची पत्रं जमवली. तुमच्याकडे कोणती माशी चालते, कोणत्या महिन्यात, तिला नाव काय? त्या उत्तरांचं पुस्तक 1892 साली निघालं. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी बांधलेल्या माशा आणि नद्यांचे फोटो लावलेल्या चौकटी मांडल्या होत्या. त्या चौकटी आज व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावी, 1968 मध्ये स्थापन झालेल्या फ्लाय फिशिंगच्या संग्रहालयात आहेत. मला यात मोलाची वाटते ती पत्रं. माशी म्हणजे नुसतं बांधलेलं पीस. ती कुठे, केव्हा आणि का चालते हे सोबत असलं तरच तिला अर्थ.

आपल्याकडे असं काही कुणी लिहिलंच नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो चुकीचा निघाला, आणि पुरावा मराठवाड्याच्या उंबरठ्यावरच सापडला. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी म्हणजे आजचं बसवकल्याण, धाराशिव-लातूरच्या सीमेपलीकडचं. आपला मुलूख त्यांच्याच राज्यात होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या 12 व्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं अख्खं प्रकरण गळाने मासे धरण्यावर आहे. मासे समुद्रातले की गोड्या पाण्यातले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, कुणाला कोणतं खाद्य घालून माणसाळवायचं, सगळं त्यात येतं. सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं. आणि एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही: आद्य मराठीचा नमुना म्हणून याच ग्रंथातलं जे पद दाखवतात, ते मत्स्यावताराचं आहे!

पण राजाने लिहून ठेवलं म्हणून उरलं. भोयांनी जे जपलं ते जिभेवर जपलं.

लहानपणी मामांचा एक नियम आम्हाला जाच वाटायचा. काठावर उभं राहिलं की ओरडायचे, “उभा कामून राहायलास रे? खाली बस. आन् पाय नको आपटू.” याचं गणित मला कॉलेजात कळलं. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. त्यामुळे माशाला वर पाहताना बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीत दाटून दिसतं. त्या खिडकीचा कोन सुमारे 97 अंश, आणि तिच्याबाहेर नुसता पाण्याखालचा भाग आरशासारखा उमटलेला. पाण्याच्या पातळीला अगदी लगटून येणारा प्रकाश तर बराचसा वरूनच परत फिरतो. म्हणून क्षितिजापासून साधारण 10 अंशांच्या आत जे असतं, ते खिडकीच्या कडेला चेपलेलं, अंधुक दिसतं. मासा 6 मीटर दूर असेल तर ही उंची भरते साधारण 1 मीटर. उकिडवा बसलेला माणूस तेवढ्यात मावतो, उभा राहिलेला मावत नाही.

आणि पाय आपटण्याचं म्हणाल, तर रोहू, अळकूट, शिंगाळा या सगळ्या माशांत पोटातला हवेचा फुगा आणि कान यांना जोडणारी इवल्या हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने ती 1820 मध्ये दाखवून दिली. फुगा थरथरला की ती थरथर हाडांवरून कानात पोचते, म्हणून या माशांचे कान फार तिखट. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंची पार्श्वरेषा जवळच्या पाण्याची हालचाल टिपते ती वेगळी. मामांना वेबर माहीत नव्हता. नियम पक्का माहीत होता.

जायकवाडीची कोनशिला 1965 साली बसली आणि 1976 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. पैठणच्या वर वाहत्या नदीचा नाथसागर झाला, आणि खाली आमच्याकडे पाणी सोडलं तरच नदी. वाहत्या पाण्यात चढून जाऊन अंडी घालणाऱ्या माशांची वाट अडली. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. 1952 मध्ये परदेशातून भारतात आणलेला तिलापिया, आपल्या बाजारातली चिलापी, आता जिथे तिथे आहे. धरणाने तहान भागवली, शेतं भिजवली, त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण आज गावातलं विशीतलं पोर चिलापीलाच गंगेचा मासा समजतं. डॅनिएल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीची नदी हीच मूळ नदी धरते, आणि घट मोजायची ती तिथपासून मोजते. त्याआधी काय होतं हे सांगणारं माणूस गेलं की मोजायची पट्टीच आखूड होते.

नावं तर फारच मोलाची. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची कितीतरी नावं तशीच शास्त्रीय नावांत घातली. शिंगाळा ‘सिंघाला’ झाला, शिंगटी ‘सींगटी’ झाली, नाकावर खोल खाच असलेला नकटा ‘नुक्ता’ झाला. जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ आजही ते शब्द उच्चारतात. ती नावं सांगणाऱ्या मासे धरणाऱ्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

हे काम आजही होऊ शकतं आणि त्यासाठी संग्रहालय बांधावं लागत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. त्या वहीत माशांची पानं भोई, कहार बाया-माणसांच्या शेजारी बसून, त्यांच्याच शब्दांत भरायला हवीत. माशाचं इथलं नाव, कोणत्या नक्षत्रात मिळायचा, डोहात की धारेत, कोणत्या आमिषाला यायचा, शेवटचा कधी दिसला. आणि सांगणाऱ्याचं नाव, त्यांच्या परवानगीने. जाळ्याचा तुकडाही ठेवावा. नायलॉन येण्याआधी सुताच्या जाळ्याला बाभळीच्या सालीचा काढा पाजायचे, असं मामा सांगतात. सालीतलं टॅनिन सूत कुजवणाऱ्या जंतूंना रोखतं. तो तपकिरी तुकडा हातात घेतला की निम्मी माहिती त्यातच मिळते.

गेल्या दिवाळीत मी वही घेऊन मामांकडे बसलो. ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं. एकेक नाव सांगत गेले, मी मोबाइलवर फोटो दाखवत गेलो. बरीच नावं जुळली. एका नावापाशी गाडं अडलं. मी दाखवलेला प्रत्येक फोटो ते मान हलवून परत करत होते. “हा न्हाई. त्याचं तोंड खाली असतंय, खडकाला चिकटून शेवाळ खातंय ते.” शेवटचा कधी पाहिला विचारलं, तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “धरणाआधी. पण कपारीच्या डोहात असंल एखादा. मृगाचा पाऊस पडू दे. पाखरं उठली की ये, जाऊन बघू.”

वहीत त्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे. भेंडं वाळवून ठेवली आहेत.