फोटोची पाठ

जुना फोटो हाती आला की आपण आधी चेहरे पाहतो आणि मग न चुकता तो उलटतो. मागे कोणीतरी शाईने लिहिलेले असते: साल, गाव, डावीकडून तिसरा कोण. शहराच्या फोटोचे तर निम्मे मोल या मागच्या बाजूवर असते. चौक दिसतो, दुकानांची रांग दिसते, एक झाड दिसते. पण चौक कुठला आणि झाड कधीपर्यंत होते हे पाठीवरच्या दोन ओळींशिवाय कळत नाही. एखाद्या स्थानिक छायाचित्रकाराने वर्षानुवर्षे आपले शहर टिपून इंटरनेटवर ठेवलेले हजारो फोटो वाचवायचे कसे, हा प्रश्न आता वरचेवर पुढे येतो. चर्चा मात्र सर्व्हर, पासवर्ड आणि गीगाबाइट यांच्यापाशीच अडते. वास्तविक हा पेच इंटरनेटच्या शतकभर आधीचा आहे, आणि त्याची गाठ बहुतेक वेळा या पाठीपाशीच असते.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते. १८३८ मध्ये छायाचित्रणाची एक सुरुवातीची पद्धत शोधणाऱ्या दगेरने आपल्या इमारतीच्या खिडकीतून बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचे चित्र घेतले. त्याला काही मिनिटे लागली. तेवढ्यात रस्त्यावरून गेलेल्या गाड्या आणि माणसे त्यात उमटलीच नाहीत. उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी थांबलेला माणूस. दगेरला शहर जपायचे नव्हते, नवी युक्ती चालते का ते पाहायचे होते. पण पंचवीसेक वर्षांत ओस्मान या अधिकाऱ्याने केलेल्या शहराच्या फेरबांधणीत त्या रस्त्यावरची नाटकगृहे पाडली गेली आणि प्रयोगाचा तो नमुना आपोआप दस्तऐवज झाला.

पुढची पायरी अशी नकळत पडली नाही. १८६० च्या दशकात शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला पॅरिस शहराने कामाला लावले आणि पाडकाम व्हायचे होते त्या जुन्या गल्ल्यांचे ४२५ हून अधिक फोटो त्याने काढले. म्हणजे ज्यांच्या हातात कुदळ होती त्यांनीच कॅमेऱ्याचेही पैसे भरले. ग्लासगोतही हेच झाले. १८६६ च्या कायद्याने दाटीवाटीची वस्ती हटवायचे ठरले आणि १८६८ ते १८७१ या काळात टॉमस ॲनन याने त्या बोळांचे फोटो घेतले. या दोन्ही संग्रहांचे नशीब चांगले, कारण त्यांना जन्मापासून पालक होता. कार्यालयाने मागवलेली वस्तू कार्यालयाच्या कपाटात जाते, तिला क्रमांक मिळतो, रस्त्याचे नाव लिहिले जाते. हौशी माणसाच्या फोटोंना हे भाग्य नसते.

हौशी मंडळींची पहिली जाणती धडपड लंडनमध्ये दिसते. सेंट पॉल कॅथीड्रलजवळची ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची जुनी सराई पाडली जाणार असे कळल्यावर १८७५ मध्ये काही जणांनी तिचे फोटो काढवून घेतले आणि त्यातून ‘सोसायटी फॉर फोटोग्राफिंग रेलिक्स ऑफ ओल्ड लंडन’ उभी राहिली. १८८६ पर्यंत तिने १२० चित्रे प्रसिद्ध केली. एवढ्या मोठ्या शहरासाठी १२० म्हणजे काहीच नाही. पण या लोकांनी दोन गोष्टी अशा केल्या की आजही त्यांना दाद द्यावीशी वाटते. तेव्हाचे नेहमीचे, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे अल्ब्युमेन प्रिंट पिवळे पडत, फिके होत. म्हणून त्यांनी महाग आणि वेळखाऊ, पण न उडणारी कार्बन प्रिंटची पद्धत निवडली. आणि पुढे आल्फ्रेड मार्क्स याने प्रत्येक वास्तूची माहिती लिहून चित्रांना जोडली. चित्र टिकले पाहिजे आणि ते कशाचे हेही टिकले पाहिजे. पुढच्या दीडशे वर्षांत तंत्र कितीही बदलले असले तरी या दोन वाक्यांत फारशी भर पडलेली नाही.

१८९७ मध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी ब्रिटनभर असे काम करणारी राष्ट्रीय संस्था काढली आणि प्रिंट ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवण्याची सोय केली. कल्पना थोर होती. पण या मंडळींचा ओढा चर्च, जुनी घरे आणि गावोगावच्या प्रथा यांच्याकडे होता. कोपऱ्यावरचे साधे दुकान त्यांना इतिहास वाटत नव्हते. हा दोष त्यांचा एकट्यांचा नाही. छायाचित्रकाराला स्वतःचे जे फोटो आवडतात ते आणि पन्नास वर्षांनी लोक शोधतात ते, यांत क्वचितच मेळ बसतो. सूर्यास्ताला पुढे कोणी विचारत नाही. दुकानाच्या पाटीला विचारतात.

हे बरोबर ओळखलेला माणूस म्हणजे पॅरिसचा छायाचित्रकार युजीन आत्जे. १८९७-९८ च्या सुमारास त्याने जुने पॅरिस टिपायला घेतले आणि तीस वर्षे दारे, जिने, फेरीवाले, दुकानांच्या काचा असे फोटो तो काढत राहिला. ते तो चित्रकारांना, कारागिरांना, ग्रंथालयांना विकत असे. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने ठिकाण आणि क्रमांक घालायची त्याची सवय होती. त्याच्या लेखी ती दुकानदाराची वहीच होती. गिऱ्हाइकाने अमुक गल्ली मागितली तर सापडली पाहिजे. १९२० मध्ये त्याने २,६०० हून अधिक निगेटिव्ह फ्रेंच सरकारला दहा हजार फ्रँकला विकल्या. उरलेल्या त्याच्याकडेच राहिल्या.

त्या कशा वाचल्या, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना आहे. बेरेनिस ॲबट ही तरुण अमेरिकन छायाचित्रकार तेव्हा पॅरिसमध्ये होती. १९२७ मध्ये तिने म्हाताऱ्या आत्जेचे फोटो काढले आणि प्रिंट दाखवायला ती परत गेली तोवर तो वारला होता. तिने चौकशी केली, वारसदाराला गाठले आणि १९२८ मध्ये हजाराहून अधिक काचेच्या निगेटिव्ह व हजारो प्रिंट मिळवले. ते न्यूयॉर्कला नेले, सांभाळले, लोकांना दाखवले आणि १९६८ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या ताब्यात दिले. मधली चाळीस वर्षे हा संग्रह एका माणसाच्या जिद्दीवर तगला. संस्था शेवटी आली, आणि ती नेहमी शेवटीच येते. मधला काळ कोणीतरी अंगावर घ्यावा लागतो. ॲबटला ते जमले याचे एक साधे कारण होते: काचा उचलता येत होत्या. वारसाने होकार दिला, पेट्या भरल्या, बोटीवर चढवल्या.

पेट्या असूनही पाठ नसेल तर काय होते आणि असेल तर काय, हे चार्ल्स कुशमन या हौशी छायाचित्रकाराच्या संग्रहात दिसते. १९३८ ते १९६९ या काळात त्याने सुमारे साडेचौदा हजार रंगीत स्लाइड कोडॅक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मवर काढल्या. त्यांत अमेरिकेतल्या शहरांचे पुढे पार बदलून गेलेले कोपरे भरपूर आहेत. त्याच्या मृत्यूनंतर त्या इंडियाना विद्यापीठाकडे गेल्या आणि बरीच वर्षे तशाच पडून राहिल्या. पुढे बाहेर काढल्यावर रंग शाबूत होते, हा कोडाक्रोमचा गुण. पण स्लाइडींसोबत कुशमनच्या वह्याही होत्या आणि त्यांत कोणता फोटो कधी, कुठे काढला ते नोंदलेले होते. त्या नसत्या तर विद्यापीठाला साडेचौदा हजार सुंदर कोडी मिळाली असती.

मग डिजिटल कॅमेरा आला. १९९२ मध्ये फोटोच्या फाइलसाठी जेपेग हे मानक ठरले, १९९५ मध्ये त्या फाइलीत माहिती नोंदवण्यासाठी एक्झिफ. एक्झिफमुळे तारीख, वेळ, शटरचा वेग आणि पुढे अक्षांश-रेखांशही फोटोच्याच फाइलमध्ये जाऊन बसू लागले. कॅमेराच पाठ लिहू लागला म्हणायचा! मात्र ही पाठ वाटते तितकी बोलकी नसते. कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेलेच नसेल तर सगळे फोटो एकाच खोट्या सालचे होतात. शिवाय ‘ही भिंत पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत’ हे कॅमेऱ्याला माहीत नसते. ते माणसालाच लिहावे लागते.

आणि माणसे लिहू लागली. २००४ मध्ये फ्लिकर ही फोटो ठेवायची वेबसाइट सुरू झाली, २००५ मध्ये पॅनोरामियो. एकात शीर्षक, टॅग आणि वर्णन, दुसऱ्यात थेट नकाशावर फोटो टोचायची सोय. शहरात रोज फिरणाऱ्या आणि रोज चार फोटो टाकणाऱ्या माणसांची पिढी याच काळात तयार झाली. मार्व्हिलला सरकारी काम होते, आत्जेला गिऱ्हाईक होते. यांना यांपैकी काहीच नव्हते. तरी एखादा पूल बांधला जात असताना दर आठवड्याला त्याच जागी उभे राहून फोटो घेण्याची चिकाटी यांनीच दाखवली. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले काही हजार जुने फोटो फ्लिकरवर ठेवले, तेव्हा पाहणाऱ्यांनी त्यातल्या जागा आणि माणसे ओळखून दिली. ग्रंथपालांनी ती माहिती तपासून आपल्या नोंदीत घेतली. एका हाताने लिहिलेली पाठ आता अनेक हातांनी लिहिली जाऊ लागली होती.

घोटाळा इथेच झाला. छायाचित्रकाराच्या घरी हार्ड डिस्कवर राहिल्या त्या कॅमेऱ्याने आपोआप दिलेल्या, डीएससी आणि पुढे चार आकडे अशा नावांच्या बेनाम फाइली. निवडलेले, लावलेले, नाव दिलेले फोटो होते ते फक्त त्या कंपनीच्या सर्व्हरवर. समोरची बाजू घरात आणि पाठ भाड्याच्या जागेत, अशी ही विभागणी कोणी ठरवून केली नव्हती. पण भाड्याची जागा रिकामी करायची वेळ आली की ती लक्षात येते. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये याहूने फुकट वेबपाने बनवू देणारी जिओसिटीज ही सेवा बंद केली, तेव्हा लक्षावधी लोकांची घरगुती पाने एकदम गेली. जेसन स्कॉट आणि ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने मिळेल तेवढे उतरवून घेतले. गूगलने पॅनोरामियोला २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये टाळे लावले. फोटो उतरवून घ्यायला मुदत होती, पण जे हयात नव्हते ते मुदत कशी पाळणार?

२०१८ मध्ये फ्लिकर स्मगमग या फोटो ठेवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि नोव्हेंबरात जाहीर झाले की फुकट खात्यात एक हजारच फोटो राहतील, बाकीचे जुन्यापासून पुसले जातील. जुन्यापासून! व्यवहाराच्या दृष्टीने हे ठीक असेल, पण बदलत्या शहराची नोंद म्हणून पाहिले तर नेमके उलटे. यातून एक पळवाट मात्र मिळाली. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे इतरांना ठरावीक अटींवर फोटो वापरू देणारा परवाना, आधीच दिलेले फोटो या पुसण्यातून वगळले जाणार होते. २००४ पासून फ्लिकरवर हा पर्याय होता. ज्यांनी तेव्हा, कदाचित फार विचार न करता, त्यावर टिचकी मारली होती त्यांचे फोटो त्या एका खुणेमुळे बचावले.

मग इंटरनेट आर्काइव्ह आहेच की, असे कोणीही म्हणेल. १९९६ पासून ते वेबची पाने साठवत आहे आणि २००१ पासून वेबॅक मशीनमधून ती पाहता येतात. अडचण फोटोंच्या बाबतीत येते. साठवणारा प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातो. पान खाली सरकवल्यावरच जे फोटो उघडतात ते त्याला बऱ्याचदा दिसत नाहीत आणि जे दिसतात त्यांची पुष्कळदा छोटी प्रतच हाती लागते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे त्या प्रतीत वाचता येत नाहीत. उलट, घाईने सगळ्या जेपेग फाइली उतरवून घेतल्या तर मोठे फोटो मिळतात, पण शीर्षके आणि वर्णने मागेच राहतात. कित्येक सेवांमधून आपलाच डेटा मागवला तरी फोटो एका फोल्डरमध्ये आणि त्यांची माहिती जेसन (JSON) या साच्यातल्या वेगळ्या मजकूर फाइलींमध्ये येते. दोन्ही जुळवायचे काम आपले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या वॉर्क (WARC) या वेबपाने साठवायच्या फाइल-साच्याचा फायदा असा की सर्व्हरने जे पाठवले ते पानासकट एकत्र बांधले जाते. म्हणून जाणकार दोन्ही करायला सांगतात: मूळ फाइलीही घ्या आणि पानेही वॉर्कमध्ये घ्या.

हक्काचा भाग थोडक्यात. फोटो इंटरनेटवर उघडा असला तरी मालकी छायाचित्रकाराची आणि त्याच्यानंतर वारसांची असते. खाते मात्र बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार वारसांकडे जात नाही. वारस सापडला नाही तर ग्रंथालयाचे हात बांधले जातात. युरोपीय संघाने बेवारस कलाकृतींसाठी २०१२ मध्ये निर्देश काढला, पण सुटे फोटो त्यातून वगळले. व्हिव्हियन मायर या हयातीत अज्ञात राहिलेल्या अमेरिकन छायाचित्रकार बाईच्या हजारो निगेटिव्ह २००७ मध्ये भाडे थकलेल्या कोठारातून लिलावात गेल्या, २००९ मध्ये ती वारली आणि तिचे नाव जगभर झाले. तरी २०१४ मध्ये कायदेशीर वारस कोण यावरून वाद न्यायालयात गेलाच. निगेटिव्ह ज्याच्या हाती, हक्क त्याचा असे नसते.

फ्लिकरने २०१९ मध्ये दिवंगत सदस्यांची खाती ‘इन मेमोरियम’ म्हणून जपण्याची सोय केली. वर्गणी थांबली तरी त्यातले सार्वजनिक फोटो काढले जात नाहीत. त्यासाठी कोणीतरी कळवावे लागते, एवढेच. २०२२ मध्ये निघालेल्या फ्लिकर फाउंडेशनने ‘डेटा लाइफबोट’ हा प्रकल्प हाती घेतला. निवडक फोटो, त्यांची शीर्षके, टॅग आणि आजूबाजूची माहिती एकाच गाठोड्यात अशी बांधायची, की उद्या फ्लिकर नसले तरी ते उघडता यावे. पाठीसकट फोटो, म्हणजे १८८० च्या दशकात मार्क्सने जे केले तेच. पण होडी बांधली तरी तिला लागायला धक्का हवा, हे त्या मंडळींनीच सांगितले आहे; ग्रंथालये आणि संग्रहालये यांनी ही गाठोडी ठेवून घ्यावीत यासाठी त्यांची जुळवाजुळव चालू आहे. तोपर्यंतचा काळ पुन्हा कोणा ॲबटच्याच अंगावर आहे. फरक एवढाच की तिला आत्जेला काही विचारायला उशीर झाला होता. आजचे बरेच छायाचित्रकार हयात आहेत, आणि एखाद्या फोटोतला पांढरा दरवाजा कोणत्या गल्लीतला हे त्यांना अजून आठवते.